वाचकांचे प्रश्न : पालकसभेत मुलाची खुर्ची कुठे असते?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. त्यांत पालक आहेत, शिक्षक आहेत आणि नववीतील एक विद्यार्थिनीही आहे. विषय सर्वांचा एकच आहे. मुलाच्या शिकण्याविषयी शाळेला जे कळते ते घरापर्यंत आणि खुद्द मुलापर्यंत कसे पोहोचावे, हा तो विषय. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा एका अनुदानित मराठी शाळेत चौथीत शिकतो. प्रगतिपत्रकावर गणितात ‘ब-१’ श्रेणी आहे आणि शेऱ्याच्या जागी ‘प्रगती समाधानकारक’ असे लिहिले आहे. पालकसभेत बाईंनी ‘हुशार आहे, सराव वाढवा’ एवढेच सांगितले. मागे पालकांची रांग होती, त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही. मी नेमके काय विचारायला हवे होते? — एक आई, घणसोली

उत्तर : आपण विचारायला संकोचलात, पण हे विचारणे म्हणजे शिक्षकांच्या कामात ढवळाढवळ नव्हे, हे आधी स्पष्टपणे सांगायला हवे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. पालकांबरोबर नियमित बैठका घेणे आणि मुलाची उपस्थिती, त्याची शिकण्याची क्षमता व शिकण्यातील प्रगती त्यांना सांगणे, हे त्यांतील एक कर्तव्य आहे. म्हणजे आपण जे ऐकायला गेला होतात, ते सांगण्यासाठीच ती सभा होती.

आता ‘ब-१’विषयी. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यात मूल शिकत असताना वर्षभर होणारे ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारे ते संकलित मूल्यमापन, असे दोन भाग ठरले. पहिली-दुसरीत आकारिक भागाला ७० टक्के भार, तिसरी-चौथीत ६०, पाचवी-सहावीत ५० आणि सातवी-आठवीत ४०, अशी ही विभागणी आहे. आपल्या मुलाच्या श्रेणीतील निम्म्याहून अधिक भाग हा दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या आणि वर्गातील स्वाध्याय यांतून आलेला असतो. वर्गशिक्षिकेकडे त्यासंबंधीच्या वर्णनात्मक नोंदी असतात, किंबहुना असायलाच हव्यात. त्या नोंदींत विशेष प्रगती, आवड व छंद आणि सुधारणा आवश्यक असलेल्या बाबी अशा जागा असतात. ‘प्रगती समाधानकारक’ ही नोंद यांपैकी कोणत्याच जागेवर उपयोगाची नाही, कारण ती वर्गातल्या कोणत्याही मुलाच्या नावापुढे तितकीच शोभून दिसते.

म्हणून पालकसभेत श्रेणीविषयी नव्हे, तर वहीविषयी विचारावे. एक उदाहरण देतो. ५०३ मधून २७८ वजा करायचे आहेत आणि मुलाने उत्तर ३७५ लिहिले आहे. बरोबर उत्तर २२५ आहे, तेव्हा गुण शून्य. परंतु ३७५ हे उत्तर वेंधळेपणाने आलेले नाही. या मुलाने प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : ८ मधून ३, ७ मधून ०, ५ मधून २. त्याला वजाबाकीची तथ्ये पाठ आहेत, पण दशक सुटा करून एकक कसे मिळवायचे हे त्याला उमगलेले नाही आणि मधल्या शून्याने तर त्याची वाटच अडवली आहे. या मुलाला ‘सराव वाढवा’ असे सांगितले, तर तो चुकीची रीतच पन्नास वेळा घोटेल. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला तेवढेच गुण आहेत, पण त्याची उभी मांडणीची सारी गणिते बरोबर आहेत आणि शाब्दिक उदाहरणे सारी चुकली आहेत. त्याची अडचण गणितात नसून वाचनात असण्याची शक्यता मोठी आहे. या दोघांना एकच श्रेणी मिळते. त्यांना लागणारी मदत मात्र अगदी वेगळी आहे, आणि ती कोणती हे श्रेणीवरून कोणालाही कळणार नाही.

तेव्हा पुढच्या सभेला जाताना मुलाची गणिताची वही आणि तपासलेली चाचणी बरोबर न्यावी. ‘याची एकाच प्रकारची चूक पुन्हा पुन्हा कुठे होते?’, ‘मागच्या सत्रात त्याला जमत नव्हते आणि आता जमते, असे काय आहे?’ आणि ‘पुढचे तीन आठवडे आम्ही घरी कोणती एकच गोष्ट करावी?’ एवढे तीन प्रश्न विचारावेत. पाच मिनिटांत ते मावतात. रांग लांब असेल, तर वहीच्या पानावर पत्रासारखे दोन ओळींत लिहून दुसरा दिवस मागून घ्यावा. चाळीसपन्नास मुलांच्या वर्गाची शिक्षिका प्रत्येकाविषयी एका दुपारी सविस्तर बोलू शकणार नाही, हे आपणही समजून घ्यायला हवे.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सभेला मुलाला बरोबर न्यावे. आपल्याकडे बहुतेक शाळांत मूल बाहेर व्हरांड्यात थांबते आणि आत दोन मोठी माणसे त्याच्याविषयी बोलतात, नंतर घरी जाताना रिक्षात त्याला त्या बोलण्याचा सारांश, बहुधा रागाच्या स्वरात, ऐकायला मिळतो. ज्याला शिकायचे आहे त्यालाच बोलण्यातून वगळणारी ही पद्धत बदलायला हवी. नऊ वर्षांचे मूल आपल्या वहीचे एक पान उघडून ‘हे मला येते, इथे मी अडतो’ असे नक्की सांगू शकते. पहिले वाक्य त्याचे असावे, नंतर बाईंनी बोलावे, शेवटी आपण.

प्रश्न : मी वागळे इस्टेट भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे पालक सभेला येत नाहीत. निरोप दिला, वहीत लिहिले, फोन केला, तरी उपयोग होत नाही. पालकच उदासीन असतील, तर शिक्षकाने एकट्याने किती ओढायचे? — एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रातील थकवा खरा आहे आणि तो मी हलका लेखत नाही. परंतु ‘उदासीन’ हा निष्कर्ष काढण्यापूर्वी, सभा कोणत्या वेळी होते हे पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्या शाळेच्या आसपासचे पालक कारखान्यांत पाळीने जाणारे, घरकाम करणारे, सकाळी नाक्यावर उभे राहून रोजंदारी मिळवणारे असतील. दुपारी अडीचची सभा म्हणजे त्यांच्यासाठी एका दिवसाच्या रोजावर पाणी सोडणे आहे. नाक्यावर उशिरा पोहोचलेल्या माणसाला त्या दिवशी काम मिळत नाही. हेच पालक मुलाला ताप आला की काम बुडवून पहिल्या अर्ध्या तासात शाळेच्या दारात येतात, हा अनुभव आपल्यालाही असेल. तेव्हा आस्था आहे, वेळ नाही.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. ज्यांना शाळेने कधी ना कधी अपमानित केले, ज्यांचे शिक्षण चौथी-पाचवीत सुटले, त्यांना शाळेचे बोलावणे आले की काहीतरी तक्रारच असणार असे वाटते. बहुतेक वेळा तसे असतेही. म्हणून पहिले बोलावणे, पहिला फोन, वहीतला पहिला शेरा हा चांगल्या बातमीचा असावा. ‘आज तुमच्या मुलीने जोडाक्षरांचा पूर्ण परिच्छेद न अडखळता वाचला’ एवढा निरोप व्हॉट्सअॅपवर आवाजी संदेशाने पाठवता येतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तो ऐकता येतो आणि शेजाऱ्याकडून वाचून घेण्याची लाज वाटत नाही. असे दोन-तीन निरोप गेल्यावर मग अडचणीचा निरोप पाठवावा. तो कसा ऐकला जातो, यातला फरक आपल्याला स्वतःला जाणवेल.

सभेची वेळ सायंकाळी साडेसातनंतर किंवा रविवारी सकाळी ठेवणे आपल्या एकटीच्या हातात नाही, याची मला कल्पना आहे. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा उपयोग करावा. कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. अनेक ठिकाणी ही समिती केवळ सह्यांपुरती उरली आहे, हे दुःखद आहे. पण वस्तीतल्या दोन बोलक्या, जाणत्या आया या समितीत असतील, तर सभा शाळेऐवजी त्यांच्या गल्लीतल्या मोकळ्या खोलीत भरवता येते. राज्यातील ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमात २०२२ पासून मातांचे छोटे गट केले गेले, तेही याच विचाराने. एकटी आई शाळेत यायला बिचकते, चौघी मिळून येतात. आपल्याच शहरात, तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली, २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू झाली. सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांना लांबच्या शाळेत बोलावण्याऐवजी मुले जिथे होती तिथेच शाळा गेली. पालकांच्या बाबतीतही हीच दिशा मला योग्य वाटते.

निरक्षर पालकाला घरी काय करायला सांगावे, असा प्रश्न आपल्या मनात असेलच. अभ्यास घ्यायला सांगूच नये. रोज रात्री दहा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचायला लावावे, वाचून झाल्यावर ‘यात काय झाले ते मला सांग’ असे म्हणावे आणि ऐकावे. बाजारातून आणलेल्या भाजीचा हिशेब मुलाकडून करून घ्यावा. आपण मुलाला वर्गात विचारता, ‘काल घरी कोणाला वाचून दाखवलेस?’ तेव्हा हे काम आपोआप शाळेला जोडले जाते. ज्या घरात मराठी बोलली जात नाही, तिथे मुलाने गोष्ट घरच्या भाषेत सांगितली तरी चालेल. उलट, वाचलेले खरोखर समजले आहे की नाही, हे त्यातून अधिक चांगले कळते.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या मराठीच्या बाईंनी निबंध लिहून घेतले आणि एकमेकांचे तपासायला दिले. नंतर स्वतःचाही निबंध तपासायला सांगितला. बाबा म्हणतात, ‘तपासणे हे शिक्षकांचे काम आहे.’ मला मैत्रिणीला कमी गुण द्यायला नको वाटले म्हणून मी जास्त दिले. हे बरोबर आहे का? — एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : तू हे मोकळेपणाने लिहिलेस, याचा मला फार आनंद झाला. तुझी अडचण गुण देण्यातून आली, तपासण्यातून नाही. मैत्रिणीला दहापैकी किती द्यायचे, हे ठरवताना मैत्री मध्ये येणारच. म्हणून माझ्या मते विद्यार्थ्यांनी एकमेकांना गुण देऊच नयेत. त्याऐवजी निबंधात कोणत्या गोष्टी पाहायच्या हे बाईंनी आणि तुम्ही मिळून आधी फळ्यावर लिहावे : सुरुवात विषयाला धरून आहे का, प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा आहे का, मुद्द्याला स्वतःचे उदाहरण आहे का. मग मैत्रिणीच्या निबंधात जिथे उदाहरण नाही, त्या ओळीशेजारी पेन्सिलने ‘इथे एखादा प्रसंग हवा’ असे लिही. यात तिला दुखावण्यासारखे काही नाही आणि तिला पुढे काय करायचे तेही कळते.

गुण आणि शेरा यांविषयी एक जुना प्रयोग तुला सांगण्यासारखा आहे. १९८८ मध्ये इस्रायलमधील संशोधक रूथ बटलर यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला केवळ गुण दिले, दुसऱ्याला केवळ लेखी शेरे दिले आणि तिसऱ्याला गुण व शेरे दोन्ही दिले. ज्यांना केवळ शेरे मिळाले त्यांचे पुढचे काम सुधारले. ज्यांना दोन्ही मिळाले, ते केवळ गुण मिळालेल्यांच्याच रांगेत राहिले. गुण दिसला की डोळा तिथेच थांबतो, शेरा वाचला जात नाही. तुझ्या बाबतीतही असे होते का, ते पुढच्या वेळी वही हातात आल्यावर पाहा.

तुझ्या बाबांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अंतिम निर्णय आणि गुण यांची जबाबदारी शिक्षकांचीच आहे. मात्र स्वतःचे लिखाण तपासता येणे हेही शिकावे लागते, कारण परीक्षेच्या दालनात शेवटच्या दहा मिनिटांत तुझी उत्तरपत्रिका तपासायला बाई नसतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची जी कल्पना मांडली आहे, त्यातही शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याने स्वतःचे आणि सहाध्यायांनी एकमेकांचे केलेले मूल्यमापन यांना जागा आहे. हे पत्र बाबांना वाचून दाखव, आणि तुझा तपासलेला निबंधही दाखव.

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत वार्षिक परीक्षेत दोन विषयांत अनुत्तीर्ण झाली. वर्षभर शाळेने काहीच कळवले नाही आणि निकालाच्या दिवशी एकदम पुनर्परीक्षेचे सांगितले. आठवीपर्यंत नापास करत नाहीत, असे आम्ही समजून होतो. — एक पालक, कळवा

उत्तर : शिक्षण हक्काच्या मूळ कायद्यात आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात न ठेवण्याची तरतूद होती. २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या वर्षअखेरीस नियमित परीक्षा घेण्याची आणि राज्याने ठरवल्यास मुलाला त्या वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी व आठवीसाठी अशी परीक्षा सुरू केली. मात्र त्याच कायद्यानुसार अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन द्यावे लागते आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावी लागते. आठवीपर्यंतचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही.

आपला राग मला रास्त वाटतो. वर्षभर आकारिक नोंदी ठेवल्या जात असतील, तर अडचण दिवाळीच्या आधीच दिसायला हवी होती. नोंदी होत्या आणि सांगितल्या नाहीत, किंवा नोंदीच प्रामाणिकपणे झाल्या नाहीत, यांपैकी काहीतरी एक घडले आहे. पण हा जाब पुनर्परीक्षेनंतर विचारावा. आत्ता मुख्याध्यापकांना भेटून जादा मार्गदर्शन कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या घटकांवर देणार, हे लेखी मागावे. मुलीच्या उत्तरपत्रिका तिच्यासह बसून पाहाव्यात. या वयात नापास हा शिक्का फार खोल उमटतो. म्हणून तिला ‘तुला काहीच येत नाही’ असे न सांगता ‘या चार घटकांचे काम राहिले आहे’ असे सांगावे, आणि ते चार घटक कोणते हे शिक्षकांकडून काढून घ्यावे. घाईघाईने नवा क्लास लावू नये. नव्या माणसाला तिला ओळखण्यातच ते दोन महिने जातील.

प्रश्न : आमच्या शाळेत सातवीला प्रकल्प दिले की चकचकीत प्रतिकृती येतात. अर्ध्या पालकांनी केलेल्या असतात, उरलेल्या दुकानातून विकत आणलेल्या. गुण कोणाला द्यायचे? — एक शिक्षक, घोडबंदर रोड

उत्तर : घरी करून आणायचा प्रकल्प बंद करावा. विषय असा द्यावा की जो विकत मिळणार नाही. महिनाभर दर शनिवारी मासुंदा तलावाच्या काठी ठरावीक जागी उभे राहून पाण्याची पातळी, रंग, तरंगणारा कचरा आणि दिसलेले पक्षी यांची नोंद मुलाने स्वतःच्या अक्षरात ठेवावी. ऐरोलीकडच्या मुलांना ठाणे खाडीतील रोहित पक्षी आहेत. या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तो का, हे त्यांना त्यांच्याच नोंदींतून शोधता येईल. पालकांनी सोबत जावे, पण पेन हातात घेऊ नये. मांडणी वर्गात करून घ्यावी आणि गुण तीन मिनिटांच्या तोंडी प्रश्नांवर द्यावेत. ज्याने नोंद केली आहे तो खाडाखोड असलेल्या कागदावरही भरभरून बोलतो.

प्रश्न : मुलाला दहावीला अपेक्षेपेक्षा मराठीत पुष्कळ कमी गुण मिळाले. पुनर्मूल्यांकन मागावे का? अंतर्गत २० गुण शाळाच देते, मग त्यात काही बदल होतो का? — एक पालक, कोपरखैरणे

उत्तर : राज्य मंडळाच्या भाषा विषयांत लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे असते. पुनर्मूल्यांकन लेखी उत्तरपत्रिकेचेच होते. नुसती गुणपडताळणी मागितली, तर बेरीज आणि न तपासलेली उत्तरे एवढेच पाहिले जाते. पुनर्मूल्यांकनासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते आणि छायाप्रत मिळाल्यानंतर कार्यालयीन कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. आपला परिसर वाशी येथील मुंबई विभागीय मंडळाच्या कक्षेत येतो. छायाप्रत हाती आली की ती प्रथम मुलाला एकट्याला वाचू द्यावी आणि त्याला कोणत्या उत्तरावर अन्याय वाटतो ते लिहून काढायला सांगावे. मग त्याच्याबरोबर शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांकडे जाऊन ती उत्तरे त्यांना दाखवावीत. त्यांनाही गुण कमी वाटले तरच अर्ज भरावा, आणि त्या पाच दिवसांतला पहिला दिवस या भेटीसाठी राखून ठेवावा.